जालना रोडचं काम (छत्रपती संभाजीनगर): ए आणि बी विंग ग्रुप

ए-२०२: नमस्कार मंडळी, सकाळी माप घेणारे लोक मेन रोडवरून आपल्या गेटपर्यंत पिवळे पट्टे मारून गेले. कोणाला काही माहिती? सोसायटीतर्फे पत्र द्यायचं म्हणतो, मुद्दे सांगा.

बी-१०१: काँक्रीट करायलेत म्हणे

ए-४०३: झालं, आता वर्षभर धुरळा 😷

बी-३०४: धुरळ्याचं सोडा, आधी रोडची लेव्हल, म्हणजे उंची विचारा. मी रस्त्याच्या कामावर नोकरी काढलीय म्हणून सांगतो. दर वेळी जुन्यावरच नवीन थर टाकत गेले म्हणून तर पावसाळ्यात रोडचं पाणी आपल्या पार्किंगमध्ये येतं. आता व्हाइट टॉपिंग केलं, म्हणजे डांबरावरच काँक्रीट, तर ते साधारण १०० ते २०० मिमी असतं, म्हणजे ४ ते ८ इंच. आधी मिलिंग मशीनने खरवडलं नाही तर गेट तेवढं अजून खाली गेलं समजा. अन् सगळं पण खरवडायचं नसतं बरं का, खाली चांगलं डांबर शिल्लक लागतं, त्याच्यावरच ते बसतं.

ए-४०३: काका मग डांबरच टाकू द्या ना, दुसऱ्या दिवशी गाड्या चालू. काँक्रीटला किती दिवस ओले बारदाने टाकून बसायचं

बी-३०४: डांबराला पाणी खातं. वरून आपली काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा अन् पावसात फुगते, म्हणून रोडला लाटा येतात. काँक्रीटचं डिझाइन ३० वर्षांचं धरतात खरं, पण बाजूला नाली नसली अन् पाणी खाली मुरत राहिलं तर त्यालाही तडे जाणारच. नाली आधी, रोड नंतर.

बी-१०२: आणि पाण्याची लाइन?? जायकवाडीची २५०० मिमीची मोठी लाइन टाकली पण गल्लीतल्या लाइनी बाकीच आहेत ना. पैठण रोडला लाइन अन् रुंदीकरण एकमेकांच्या अंगावर कसं आलं ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय. इथं पण आज रोड करतील अन् उद्या फोडायला ब्रेकर लावतील

बी-३०४: ताई बरोबर. म्हणून काँक्रीटच्या आधीच ठराविक अंतरावर रोडखालून आडवे पाइप टाकून ठेवायचे, केबल असो पाणी असो त्यातूनच न्यायचं. एकदा काँक्रीट फोडलं की जॉइंट ते जॉइंट अख्खं पॅनेल काढावं लागतं, तेवढं कोण करतंय, मध्येच ठिगळ मारून मोकळे होतात.

ए-२०२: फूटपाथचं पण लिहा हो. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको, जागोजागी पूल झाले, गाडीवाला वरून सुसाट, पण आईला रोड क्रॉस करून मेडिकलला जायचं म्हणजे मला हात धरून जावं लागतं.

ए-१०३: आमच्या दुकानापुढचा ओटा जाईल का त्याचं कोणी बोलना 😅

बी-१०१: तुमचा ओटा मापातच नाहीये शेठ

बी-१०२: आता सोलापूर-धुळे हायवेचा बायपास शहराबाहेरून झालाय, जड गाड्यांसाठी इथं अजून लेन वाढवण्यापेक्षा झाडं अन् बसस्टॉपला जागा सोडा म्हणावं

बी-३०४: पत्रात आधी लेव्हल अन् नाली, मग आडवे पाइप, मग फूटपाथ. अन् आजच गेटच्या कॉलमवर रोडच्या लेव्हलला खूण करून फोटो काढून ठेवा, नंतर "आधीपासूनच असं होतं" म्हणतात.

बी-१०१: लाल पेंट आहे माझ्याकडे, ब्रश मात्र वाळून दगड झालाय

ए-४०३: ब्रश मी आणतो, सहाला खाली या