लिनक्सवर ब्राउझरने हार्डवेअर डिकोडिंग आपोआप चालू ठेवायला हवं की नको?

कोकणकडा (धागाकर्ता)
१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला आणि ओळखीतले बरेच जण लिनक्स मिंटवर आले. त्यातले पुष्कळ लॅपटॉप इंटेलच्या सातव्या पिढीचे, म्हणजे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत न बसणारे. मशीन ठणठणीत असतं, पण क्रोममध्ये यूट्यूब लावलं की पंखा घोंघावायला लागतो. मग लोक म्हणतात लिनक्स जड आहे. अहो, एच.२६४ आणि व्हीपी९ या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती) आलेला व्हिडिओ डिकोड करायला, म्हणजे पुन्हा उलगडायला, त्याच चिपमध्ये वेगळं सर्किट आहे! ब्राउझर त्याला हात न लावता सगळं सीपीयूवर ढकलतो.

क्रोमबुक लॅपटॉपवरची गूगलची क्रोमओएससुद्धा लिनक्सच्या कर्नलवरच, म्हणजे गाभ्यावरच, चालते. इंटेलच्या क्रोमबुकवर त्या सर्किटला काम सोपवायला लिनक्सचंच व्हीए-एपीआय वापरलं जातं, वापरणाऱ्याला कळतही नाही. डेस्कटॉपवाल्यांना मात्र वर्षानुवर्षं एकच उत्तर मिळत आलं: अधिकृत पाठिंबा नाही, हवं तर फ्लॅग (ब्राउझर सुरू करताना जोडायची जादा सेटिंग) लावा. त्या फ्लॅगची नावंही बदलत गेली. जुन्या लेखातली ओळ चिकटवली तर काहीच घडत नाही, आणि चूक झाल्याचंही कोणी सांगत नाही. माझं मत स्पष्ट आहे: सर्किट आहे आणि ड्रायव्हर आहे, तर ते आपोआप चालू हवं.

ड्रायव्हरदादा
असहमत. क्रोमबुकवर कुठली चिप, कुठला कर्नल, कुठला ड्रायव्हर हे आधीच ठरलेलं असतं, मॉडेल तपासूनच बाहेर पडतं. आपल्याकडे पडद्यावर खिडक्या दाखवायला एक्स११ आहे, वेलँड आहे, इंटेलचेच जुना आय९६५ आणि नवा आयएचडी असे दोन ड्रायव्हर आहेत, मेसा हा खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच आहे, एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर आहे. यातली एक जोडी बिघडली की हिरवा पडदा दिसतो किंवा टॅब कोसळतो, आणि शिव्या ब्राउझरला बसतात.

सुरक्षेचंही बघा. एनव्हिडियासाठी स्वयंसेवकांनी लिहिलेला व्हीए-एपीआय ड्रायव्हर फायरफॉक्सात चालवायचा तर व्हिडिओ डिकोड करणाऱ्या प्रक्रियेचा सँडबॉक्स (तिला बाकी मशीनपासून वेगळं ठेवणारं कुंपण) बंद करा, असं त्याच्याच सूचनांत लिहिलंय. बाहेरून आलेली अनोळखी व्हिडिओ फाइल उघडणारा नेमका तोच भाग, आणि त्याचंच कुंपण काढायचं? पंख्याचा आवाज परवडला.

कोकणकडा
@ड्रायव्हरदादा, एनव्हिडियाचं मान्य. पण त्यासाठी इंटेलवाल्यांना का ताटकळत ठेवायचं? फायरफॉक्सने करून दाखवलंय. २०२० मध्ये आधी वेलँडवर आणि मग ८० व्या आवृत्तीत एक्स११ वर सोय दिली, पण बंद ठेवून. जुलै २०२३ मध्ये ११५ व्या आवृत्तीत इंटेलसाठी आपोआप चालू केली. एएमडीसाठी १३६ वी आवृत्ती, मार्च २०२५. घाई केली नाही, एकेक कंपनीचं हार्डवेअर घेत गेले. तुमची सगळी गुंतागुंत त्यांच्याहीपुढे होतीच की.

पेटंटग्रस्त
दोघेही डिस्ट्रोला, म्हणजे मिंट, फेडोरासारख्या लिनक्सच्या तयार आवृत्त्यांना, विसरताय. २०२२ मध्ये फेडोराने पेटंटच्या भीतीपोटी मेसामधून एच.२६४ आणि एच.२६५ चं हार्डवेअर डिकोडिंग काढून टाकलं. एएमडीवाल्यांना आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातून वेगळं पॅकेज आणावं लागतं. ब्राउझरने कितीही चालू केलं तरी खालचा ड्रायव्हरच कापलेला असेल तर उपयोग काय?

निळीशाई
चालू असूनही उपयोग होत नाही, ते सांगते. सातव्याच पिढीचा इंटेल, फायरफॉक्स. त्याच्या अबाउट:सपोर्ट या माहितीच्या पानावर मीडियाच्या तक्त्यात एच.२६४ आणि व्हीपी९ दोन्हींपुढे हार्डवेअरची खूण आहे. तरी मशीन तापतं. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट-क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं, तर कोडेक निघाला एव्ही१, जो या चिपला येतच नाही. इंटेलमध्ये तो अकराव्या पिढीपासून आला. टर्मिनलमध्ये इंटेल-जीपीयू-टॉप (ग्राफिक्सचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारं साधन) लावलं, तर 'व्हिडिओ'ची ओळ शून्यावर. अबाउट:कॉन्फिग या सेटिंगच्या पानावर मीडिया.एव्ही१.एनेबल्ड 'फॉल्स' करून पान पुन्हा उघडलं. व्हीपी९ आला, ती ओळ हलू लागली, सीपीयू निवांत झाला. हे घरातल्या मोठ्यांनी कसं शोधायचं?

ड्रायव्हरदादा
पण एव्ही१ बंद केल्यावर त्याच दर्जाला डेटा जास्त जातो, तेही सांगा. गावी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बघणाऱ्याला पंख्यापेक्षा डेटा पॅक महत्त्वाचा.

निळीशाई
बरोबर, म्हणून सरसकट बंद करा असं मी म्हणत नाही. निवड त्या माणसाची. पण आपला सीपीयू राबतोय हे त्याला दिसलं तर तो निवडेल ना! टॅबवर आवाजाची खूण येते, तशी 'सॉफ्टवेअर डिकोडिंग' अशी खूण का येऊ नये?

कोकणकडा
खुणेची मागणी मला एकदम पटली. तरीही आपोआप चालू करण्याचा आग्रह मी सोडत नाही. खूण दिसली तरी फ्लॅग शोधत बसायचं काम वापरणाऱ्याच्याच गळ्यात पडणार.

ड्रायव्हरदादा
खुणेला माझाही पाठिंबा. आपोआप चालू करायचं तर इंटेल आणि एएमडीपुरतं, आणि एकदा टॅब कोसळला की त्या मशीनवर ते स्वतःहून बंद होणार असेल तरच. एनव्हिडियावर सँडबॉक्स न काढता चालेपर्यंत माझा विरोध कायम.