मदत हवी आहे: बाबांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, रेडिएशन आणि दुकानाचा सीझन (पुणे)

नमस्कार. ट्रीटमेंट बरोबर आहे की नाही हे मला विचारायचं नाहीये. डॉक्टर चांगले आहेत आणि आमचा त्यांच्यावर विश्वास आहे. प्रश्न घरातले आणि कामाचे आहेत. ज्यांच्याकडे तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट होता किंवा आहे, त्यांनी रोजचं कसं बसवलं ते सांगा.

बाबा ५८ वर्षांचे आहेत. अप्पा बळवंत चौकात (एबीसी) आमचं शालेय पुस्तकांचं छोटं दुकान आहे, आजोबांच्या वेळचं. डाव्या गालाच्या आतून गाठ होती. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग आणि काही दाढा काढल्या, मांडीचा फ्लॅप (कातडी-मांसाचा तुकडा) तिथे लावला आणि त्याच बाजूच्या मानेतल्या गाठीही काढल्या. नंतर सहा आठवड्यांचं रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार, आणि सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. रेडिएशन आता संपत आलंय. तोंड पूर्ण आलंय, लाळ चिकट झालीये, नाकातून नळी आहे.

आईचा सगळा दिवस त्या नळीभोवती फिरतो. सकाळी नाचणीचं सत्त्व, मग दूध-अंडं, दुपारी वरण-भात-भाजी शिजवून मिक्सरमधून काढलेलं, संध्याकाळी पुन्हा तेच. मिक्सरमधून काढायचं, पिठाच्या बारीक चाळणीतून गाळायचं, मग चहाच्या गाळणीतून परत गाळायचं, कारण मोहरीएवढा कण राहिला तरी नळी तुंबते. मग मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती उंच धरायची आणि हळूहळू सोडायचं. सगळं आवरेस्तोवर पुढच्या वेळेची तयारी असते. ती करते, कुरकुर करत नाही, पण ती स्वतः कधी जेवते ते मला कळेनासं झालंय. फोडणीचा वास सुटला की बाबा उठून गॅलरीत जाऊन बसतात. म्हणून आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्यानेच, पटकन, आवाज न करता खातो. आमच्या घरात रात्रीचं जेवण नेहमी एकत्र असायचं आणि दुकानातल्या गप्पा तेव्हाच व्हायच्या. ते पूर्ण बंद झालंय. याचं काय करावं ते खरंच सुचत नाहीये. बाबांसमोर जेवावं की नाही?

दुसरं म्हणजे दुकान. एबीसीतलं ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात आणि त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांवर आमचं वर्ष चालतं. बाबांचं काम म्हणजे बोलणं. कुठल्या शाळेला कुठला सेट लागतो, बालभारतीचं कुठलं पुस्तक यंदा बदललंय, कुठल्या वहीचा कागद शाईने फुटतो, हे ते तोंडपाठ सांगायचे. मध्यंतरी रेडिएशन नुकतं सुरू झालं होतं तेव्हा हट्टाने दुकानात आले होते. एका बाईंनी सातवीचा सेट मागितला. बाबांनी सांगितलं ते त्यांना कळलं नाही, म्हणून बाबांनी कागदावर लिहून दाखवलं. त्यावर त्या एकेक शब्द तोडून, मोठ्याने बोलायला लागल्या, जणू बाबांना ऐकूच येत नाही. वाईट हेतू नव्हता त्यांचा. पण बाबा आत गोडाउनमध्ये जाऊन बसले ते परत काउंटरवर आलेच नाहीत.

शिवाय डावा हात खांद्याच्या वर जात नाही. आमच्या दुकानात सगळा माल वरच्या फळ्यांवर. हात पुन्हा किती वर जाईल? कोणाला अनुभव आहे का?

मी हिंजवडीत नोकरी करते. सध्या बरंचसं घरून काम, हॉस्पिटलच्या वेळा सांभाळून. ऑफिसमध्ये सुरुवातीला सगळे खूप चांगले वागले. आता दर मीटिंगच्या शेवटी 'अजून किती दिवस?' येतं. माझ्याकडचं मोठं काम दुसऱ्याला दिलं गेलं आणि मला ते मेलवरून कळलं. नोकरी सोडणं परवडणार नाही. बिनपगारी रजा, पीएफ, टॅक्स यातलं काय होऊ शकतं?

आणि शेवटचं. भेटायला येणारा प्रत्येक जण 'तंबाखूनेच झालं ना' म्हणतो. हो, बाबा खात होते. सोडलीये. त्यांना ते माहीत आहे, रोज माहीत आहे. लोकांना थांबवायचं कसं?

थोडं मोठं झालंय, पण सुटसुटीत लिहायला जमलं नाही.

— पेठेतली_लेक


सावली_७

ताई, माझ्या मिस्टरांचं सेम, जीभेचं होतं. आधी हे सांगते की रेडिएशन संपलं म्हणजे लगेच बरं वाटणार नाही. शेवटच्या सिटिंगनंतरचे दहा-पंधरा दिवस सगळ्यात जड जातात, मग तोंड हळूहळू भरून येतं. आईंना हे आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर 'संपलं तरी असं का' म्हणून धीर सुटतो.

नळीचं: प्रत्येक वेळी देण्याआधी आणि दिल्यावर साधं पाणी सोडा, निम्मं तुंबणं तिथेच थांबतं. देताना बसवूनच द्यायचं आणि नंतर अर्धा-पाऊण तास तरी आडवं होऊ द्यायचं नाही. मध्येच खोकला किंवा धाप लागली तर तिथल्या तिथे बंद करायचं आणि हॉस्पिटलला फोन. नाकापाशी नळीवर पेनाने खूण करून ठेवा. खूण सरकलेली दिसली तर काहीही सोडायचं नाही. गोळ्या कुटून घालताना प्रत्येक गोळीबद्दल विचारून घ्या, काही गोळ्या कुटायच्या नसतात. आणि हॉस्पिटलमध्ये आहारतज्ज्ञ असतात, त्यांच्याकडून पावडरचं फीड लिहून घ्या. दिवसातले दोन वेळा तरी पावडर पाण्यात कालवून दिली की आईंचा तेवढा वेळ सुटतो. घरचंच दिलं पाहिजे हा हट्ट मी फार दिवस केला, त्याची गरज नसते.

चुळा: एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा, दिवसभर थोडं थोडं. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको.

जेवणाबद्दल माझं स्पष्ट मत. त्यांच्यासमोर जेवा. आमच्याकडेही लपून खाणं सुरू झालं होतं. एक दिवस ह्यांनीच पाटीवर लिहिलं, 'मी आजारी आहे, तुम्ही का उपाशी?' मग त्यांच्या फीडची वेळ आणि आमची जेवणाची वेळ एक केली. फोडणी सकाळीच करून ठेवायची, रात्री नुसतं गरम करायचं, वास कमी येतो. पण आधी बाबांना विचारा. काहींना खरंच सहन होत नाही.


शब्दफुले

मी स्पीच थेरपिस्ट आहे, पुण्यातच. नाव-गाव लिहीत नाही, जाहिरात नको.

बोलणं आणि गिळणं दोन्हीचे व्यायाम असतात आणि ते नळी असतानाही करायचे असतात. नळी आहे म्हणून घसा अजिबात वापरला नाही तर नंतर गिळायला जास्त त्रास होतो. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर घोट-घोट पाणी चालू राहू द्या. आज किती तोंड उघडतं ते बघा. साधारण माणसाचं आपलीच तीन बोटं उभी धरून जातील इतकं उघडतं. रेडिएशननंतर जबडा आखडत जातो, महिनोन्महिने. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून त्या दाढांमध्ये धरायच्या, दर काही दिवसांनी एक वाढवायची, असा साधा व्यायाम असतो. पण फ्लॅप असल्याने कधी सुरू करायचा ते सर्जनला विचारूनच.

खांदा हा मानेतल्या गाठी काढल्याचा परिणाम. खांदा उचलणारी नस तिथूनच जाते. नस राखलेली असेल तरी ती काही महिने सुस्त राहू शकते. फिजिओ लवकर सुरू करा. आपोआप सुटेल म्हणून वाट बघितली तर सांधा आखडतो. किती वर जाईल हे तपासल्याशिवाय कोणी सांगू नये. यंदाच्या सीझनला तरी जड गठ्ठे खालच्या फळीवर आणा.

काउंटरचं मला फार महत्त्वाचं वाटतं. जिथे गोंगाट असतो तिथे त्यांचं बोलणं समजणार नाही, आणि त्याने ते बोलणंच सोडून देतील. सकाळी दुकान उघडल्यावरचा तासभर, गर्दी नसताना, ओळखीच्या गिऱ्हाइकांशी बोलू द्या. छोटी वाक्यं, थांबून थांबून. तुम्ही शेजारी उभ्या असाल तर त्यांचं वाक्य पूर्ण करू नका. हे घरच्यांना सगळ्यात अवघड जातं.


हिशेबनीस

पैशांचं. पीएफमधून आई-वडिलांच्या कॅन्सरच्या उपचारासाठी पैसे काढता येतात, तुमच्याच खात्यातून, ऑनलाइन. टॅक्समध्ये अशा उपचारांसाठी वजावट आहे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडीबी): वडील तुमच्यावर अवलंबून असतील आणि खर्च तुम्ही केला असेल तर ६० वर्षांखालच्या पेशंटसाठी ४०,००० रुपयांपर्यंत वजावट, ज्येष्ठ नागरिक असल्यास १ लाखापर्यंत. इन्शुरन्समधून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते. कॅन्सरतज्ज्ञांचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा. हे फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत मिळतं, त्यामुळे दोन्हीकडे हिशेब करून बघा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघितली का? योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा काउंटर असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. हेल्पलाइन १५५३८८. तपासणीसाठी मुंबईला टाटात जावं लागलं तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एकाला सवलत असते, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्यायचा.

ऑफिसबद्दल: खाजगी नोकरीत आई-वडिलांच्या आजारपणासाठी वेगळी रजा कायद्याने नाही, म्हणून जे ठरेल ते लेखी ठरवा. 'अजून किती दिवस' याला तारीख देऊ नका, वेळापत्रक द्या. पुढचा महिनाभर या या दिवशी हॉस्पिटल, बाकी दिवस पूर्ण वेळ, महिन्याच्या शेवटी परत बोलू. आणि काढून घेतलेलं काम परत कधी मिळणार हे त्याच मेलमध्ये विचारा.


पेठेतली_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सावलीताईंचं सगळं वाचून दाखवलं. 'पावडर चालते?' एवढंच दोनदा विचारलं तिने. उद्या आहारतज्ज्ञांची वेळ घेतलीये.

बाबांनाही विचारलं. त्यांनी लिहून दिलं की वास नको, पण तुम्ही बसा. आज रात्री बसतोय.

दुकानासाठी एक विचार आहे. प्रत्येक शाळेची इयत्तेनुसार यादी बाबांच्या अक्षरात लिहून काउंटरवर लावायची आणि सेट लावायचं काम पूर्ण त्यांच्याकडे. बोलायचं काम पोऱ्याकडे. पण मला भीती वाटते की त्याने ते आतच राहतील. शब्दफुले, तुम्हाला काय वाटतं?


शब्दफुले

याद्या कराच, पण त्या काउंटरवर बसून लिहू देत, आत नाही. आणि पोऱ्याला सांगा, अडलं की गिऱ्हाइकासमोरच बाबांना विचारायचं. उत्तर बाबांचंच असतं हे गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे.


सावली_७

तंबाखूचं राहिलंच. मी दारातच सांगायचे, 'त्यांच्यासमोर कारणं काढायची नाहीत, नाहीतर चहा घेऊन इथूनच निघा.' दोन नातेवाईक रुसले, चालतं. पण एक डोळ्यात तेल घालून बघा: तंबाखू सोडलेल्या माणसाला कोणीतरी 'नुसती सुपारी तर आहे' म्हणून देतं. सुपारीनेही कॅन्सर होतो, तंबाखू नसली तरी.

आणि दात. रेडिएशन झालेल्या बाजूची दाढ पुढे कधी दुखली तर कुठल्याही डेंटिस्टकडे जाऊन परस्पर काढायची नाही, अगदी काही वर्षांनीसुद्धा. तिथलं हाड भरून न येण्याची भीती असते. आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारायचं. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.