मदत हवी आहे: एनडीपीएसचं (अमली पदार्थविरोधी कायद्याचं) कलम 64-अ कोणी वापरलंय का?

नमस्कार मंडळी. माझ्या भाच्याकडे (इंजिनिअरिंग, शेवटचं वर्ष) गांजाची पुडी सापडली, जेमतेम चार-पाच ग्रॅमची. कायदा गांजा एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’ धरतो, त्यामुळे जामीन झाला. पण केस उभी आहे आणि ताईने हाय खाल्ली आहे.

वकील म्हणतात, 1985 च्या एनडीपीएस कायद्यातलं कलम 64-अ लावून बघू. स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले तर अशा केसमध्ये खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढूनही घेता येते. घोडं अडलंय ते इथे: ही सवलत फक्त ‘व्यसनी’ माणसाला. आणि हा कधीमधी मित्रांबरोबर ओढणारा! म्हणजे पुरता आहारी गेला असता तर रुग्ण, नाही गेला म्हणून गुन्हेगार? अजब न्याय.

व्यसनाचा दाखला कोण देतं, मानसोपचारतज्ज्ञ की केंद्र? ओपीडीतले उपचार कोर्ट धरतं की भरतीच व्हावं लागतं? खोटा कागद आम्हाला नको आहे. प्रवचनही नको, ते घरात रोज चालू आहे. पुण्याच्या आसपास कोणाची अशी केस झाली असेल तर कृपया सांगा.