हेरल्डचं हूड बदलायचंय: कुशनवाल्याकडून शिवून घेऊ की तयार मागवू?

नेरूळची_हेरल्ड
नमस्कार मंडळी. वडिलांची १९६४ ची स्टँडर्ड हेरल्ड मोटार माझ्याकडे आहे, दोन दारांची. मूळची बंद टपाची, म्हणजे पत्र्याच्या छताची. हेरल्डचा टप बोल्टवर असतो, म्हणून वडिलांनी ऐंशीच्या दशकात तो उतरवला आणि भंगारात निघालेल्या एका परदेशी हेरल्डचा कमानींचा सांगाडा आणून त्यावर हूड, म्हणजे दुमडता येणारं मऊ छप्पर, चढवलं. मूळ टप अजून गावी पडवीत पडून आहे.

हूड आता थकलंय. रेक्झिन आकसून कडक झालंय, उजव्या कोपऱ्यात शिवण उसवलीय, मागची प्लॅस्टिकची काच पिवळी पडलीय. हूडची पुढची पट्टी समोरच्या काचेच्या चौकटीवर अडकवायला दोन माणसं लागतात. तुर्भ्याचा एक कुशनवाला म्हणतो, जुनं हूड उसवून तुकडे मापाला धरतो आणि तसंच्या तसं शिवून देतो. दुसरा पर्याय इंग्लंडहून तयार हूड मागवायचा. गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये असते, खाडी जवळ आहे. आईला पाम बीचवरून तिच्यातून फेरी मारायला फार आवडतं, पण गेल्या पावसाळ्यापासून गाडी झाकूनच आहे. जूनच्या आत काम उरकायचंय. काय करू?

एमजी_पाचपाखाडी
तयार मागवा. मी माझ्या गाडीला तेच केलं. कस्टम ड्यूटी भरताना जीव वर येतो, पण कापड आणि शिवण अस्सल मिळते. आपल्याकडचे कुशनवाले सीटचं काम झकास करतात, हूड ही वेगळी कला आहे.

वागळे_टूलरूम
एमजीवाल्या साहेबांचं कापडाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण या गाडीला तयार हूडची घाई नको. ते कारखान्यातून निघालेल्या कन्व्हर्टिबलच्या मापाने कापलेलं असतं. तुमचा सांगाडा एका गाडीचा, बॉडी दुसरीची. तेव्हाच्या मेकॅनिकने तो कुठल्या भोकांत आणि किती पुढेमागे बसवलाय ते मोजल्याशिवाय पैसे पाठवू नका.

आणि जुनं हूड उसवून त्यावरून बेतायचं, हे तर मुळीच करू देऊ नका. उन्हात वर्षानुवर्षं राहिलेलं रेक्झिन आकसतं. पट्टी अडकवायला दोघं लागतात ते त्यामुळेच. त्या तुकड्यांवरून बेतलेलं नवं हूड पहिल्या दिवसापासून आखूड होणार.

आता कापड बाजूला ठेवा आणि दारांकडे बघा. हेरल्डला वेगळी चासी आहे, म्हणजे बॉडीखालची पोलादी चौकट. तिचे बाजूचे हात गंजून खचले की बॉडी बसते आणि दाराच्या वरची फट पुढे एक, मागे एक दिसते. नेरूळच्या खाऱ्या हवेत ही शक्यता मोठी. गाडी रॅम्पवर घेऊन स्क्रू ड्रायव्हरने चासी टोचून बघा. तिथे पत्रा मऊ लागला तर आधी वेल्डिंग, मग हूड. बॉडी वाकडी असताना मापात शिवलेलं हूड वेल्डिंगनंतर बसत नाही.

मग सांगाडा. कमानींचे सांधे रिव्हेटवर फिरतात. हाताने हलवून पाहा, खडखडत असतील तर नवे बुश आणि रिव्हेट घाला. गंज काढून प्रायमर मारून घ्या, कारण गंजाचा डाग कापडातून वर येतो आणि जात नाही. पुढच्या पट्टीपासून मागपर्यंत कमानींवरून ज्या नवारीच्या पट्ट्या जातात त्या नव्या टाका. कमानी एकमेकींपासून किती अंतरावर उभ्या राहतील ते ही नवार ठरवते. जुनी नवार सैल पडलेली असते, तिच्यावर कितीही भारी कापड चढवलं तरी मधे झोळ पडतो आणि पाणी साचतं. काचेच्या चौकटीच्या कोपऱ्यापासून प्रत्येक कमानीपर्यंत टेप लावा. डावं आणि उजवं माप जुळलं की मगच नवार पक्की करा.

बेत, म्हणजे कापड कापायचं माप, घ्यायचा तो गाडीवरच. हूडची पट्टी लॉक करायची, दारांच्या दोन्ही काचा वर घ्यायच्या आणि सांगाड्यावर मांजरपाट ताणून टाचण्या लावायच्या. खडूने मधली रेघ, कमानींच्या रेघा, दाराच्या काचेची कड, सगळं त्याच्यावर उतरवायचं. माझ्या ओळखीच्या खोपटच्या कारागिराने माझ्या मॉरिस मायनरचं असंच केलं. मांजरपाट पहिल्यांदा घातला तेव्हा त्याने डाव्या कोपऱ्यावर नुसता तळहात फिरवला, म्हणाला इथे बोटभर जास्त आहे, आणि तिथली टीप उसवून पुन्हा टाचली. कापडाला कात्री लागण्याआधी हे घडलं म्हणून त्या हूडला आज एक सुरकुती नाही. तुर्भ्याच्या माणसाला विचारा, असं करशील का? हो म्हणाला तर काम त्याला खुशाल द्या.

कापडाबद्दल. सीटचं रेक्झिन चालणार नाही. त्याची पाठ होजियरीसारखी विणलेली असते, ती ताणली जाते. हूडच्या रेक्झिनला आडव्या-उभ्या धाग्याची घट्ट पाठ लागते. ट्रकची ताडपत्री टिकते, पण घडी पडत नाही. खर्च झेपत असेल तर तीन थरांचं कापड घ्या: वर रंगीत धाग्याचं ॲक्रिलिक, मधे रबर, आत सुती. उघड्या पार्किंगला मला तेच पटतं, रेक्झिनसारखं ते उन्हात कडक होत नाही. दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा भिजला की फुगून सुईची भोकं बुजवतो हे खरं, पण आपल्या चार महिन्यांच्या पावसात तो कुजतो. पॉलिएस्टर फुगत नाही, म्हणून आतून शिवणीला सीलर लावायला सांगा. टीप फार बारीक नको, नाहीतर भोकांच्या ओळीवरच कापड फाटतं. जोड असे घ्यायचे की कौलांसारखा वरचा तुकडा खालच्यावर येईल.

आरटीओची_माहिती
थोडं विषयांतर, पण उपयोगाचं. आरसीवर बॉडी टाइप काय आहे ते बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे बॉडीतले बदल ही नाजूक बाब आहे. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी, बॉडीत आणि चासीत बदल नकोत. म्हणून गावचा टप भंगारवाल्याला देऊ नका, त्याचे बोल्टसुद्धा जपून ठेवा.

नेरूळची_हेरल्ड
सगळ्यांचे आभार. टप कुठेही जाणार नाही, गावी आजच फोन करून सांगितलं. काल गाडी उचलून बघितली. वागळेकाका, तुम्ही म्हणालात तसाच डाव्या बाजूचा चासीचा हात मऊ लागला. आता आधी वेल्डिंग. दोन शंका. हूड चढवायला वेळ कोणती बरी? आणि मागची काच?

वागळे_टूलरूम
बरं झालं आत्ताच सापडलं.

तीन थरांचं कापड घेतलंत तर सकाळ-दुपार फरक पडत नाही. रेक्झिन घेतलंत तर उन्हात मऊ झाल्यावर चढवा, पण ऊन आहे म्हणून जोर लावून ओढू नका. संध्याकाळी गार झालं की ते आवळतं आणि पट्टीचं लॉक लागत नाही. मधली रेघ जुळवून आधी मागची कड पक्की करायची, मधून सुरुवात, एक टाका डावीकडे एक उजवीकडे. मग पुढे ओढून पट्टीवर खडूची खूण करायची, लॉक सोडून खुणेच्या किंचित पुढे ओढायचं आणि तिथे चिकटवायचं. फेविकॉल एसआर दोन्ही अंगांना लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. नंतर काही दिवस हूड बंदच ठेवा, लगेच घडी घालू नका.

काचेला एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचं स्वच्छ पीव्हीसी घ्या. घडी घालताना मधे मऊ फडकं ठेवा. धूळ कोरडी पुसायची नाही, आधी पाणी ओतायचं. आणि ओलं हूड कधीही दुमडून ठेवू नका, दोन दिवसांत बुरशी धरते.

पाऊस यायच्या आधी पाइपने पाणी मारून घ्या. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने काचेच्या चौकटीपासून हळूहळू मागे जायचं. पाणी आलं तर बहुतेक दाराच्या काचेच्या वरच्या रबरातून येईल. ते रबर आत्ताच मागवून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाही. वेल्डिंग झालं की दारांच्या फटीचे फोटो इथे टाका, मग पुढचं बोलू.