बुऱ्हानुद्दीन 'गरीब' : हे गरीब नेमके कसले?

गोदाकाठ
खुलताबादच्या दर्ग्यांवरची एक छोटी पुस्तिका उर्दूतून मराठीत करतोय. 'हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब' या नावाशी अडलोय. मी नाव जसंच्या तसं ठेवलं होतं, तपासणाऱ्यांनी पुढं 'दरिद्री संत' असं जोडलं. शेजारच्या पानावर त्यांचे भाऊ मुन्तजबुद्दीन, म्हणजे आपले जर जरी जर बक्ष, सोनं वाटणारे. एक भाऊ सोनं देणारा, दुसरा दरिद्री, ही जोडी त्यांना फार आवडली. मला ती साफ चूक वाटते. अरबीत गरीब म्हणजे परका, परमुलखातला. महंमद तुघलकानं १३२७ मध्ये देवगिरीची दौलताबाद करून राजधानी हलवली, त्यानंतर हे बुऱ्हानुद्दीन दिल्लीहून इकडं आले आणि १३३७ साली इथंच गेले. मग मराठीत काय लिहू? परदेशी? उपरा?

हुरडा
आमच्या परभणीकडं गरीबचा पैशाशी संबंध निम्माच. आजी बाजारात गाय बघताना विचारायची, "गरीब हाय का मारकी?" शांत लेकरालाही "लै गरीब लेकरू" म्हणतात, मग बापाची पन्नास एकर का असेना. संताला हाच अर्थ शोभतो. गरीब म्हणजे ज्याच्यापासून कुणाला भय नाही असा. माझं मत, शब्द तसाच राहू द्या.

मुळाक्षर
आजींचा अर्थ गोड आहे, पण तो मराठीचा, त्या नावातला नव्हे. एकाच धातूचं कुटुंब बघा : सूर्य जातो ती दिशा मगरिब, घरापासून दूर असणं म्हणजे गुरबत, आणि दूर असलेला तो गरीब. 'अजीबोगरीब' मधला गरीबही हाच, अनोळखी, नवलाचा. शिवाय सूफींना हा शब्द का प्रिय, त्याचं कारण हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे : या जगात परक्यासारखा राहा, किंवा वाटसरूसारखा. तिथं मूळ अरबी शब्द 'गरीब'च आहे. दरिद्री लिहिलंत तर ही सगळी शिकवणच पुसली जाते. मी 'परदेशी' लिहीन.

वेरूळवाट
परदेशी म्हटल्यावर आज वाचकाला विमानतळ आठवतो. आणि दारिद्र्य इतकं झटकू नका. चिश्ती सूफींच्या खानकाहात, म्हणजे मठात, न मागता आलेलं दान, त्याला फुतूह म्हणतात, साठवायचं नाही अशी शिस्त होती. आलं ते वाटून टाकायचं. रिकाम्या हातानं झोपणाऱ्याला गरीब म्हटलं तर बिघडलं काय? माझे आजोबा निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले. पाहुण्याला म्हणायचे, "गरीबखान्यावर या." घर चांगलं माडीचं होतं. शब्दात नम्रता होती. अर्थ वापरणारे ठरवतात, धातू नाही.

मुळाक्षर
न साठवण्याला सूफींकडं वेगळा शब्द आहे, फक्र. त्यावरून फकीर. दारिद्र्य येऊन पडतं, फकिरी स्वतः घ्यावी लागते. दोन्ही एकाच टोपलीत टाकू नका, एवढंच कळकळीनं सांगतो.

ओवी
'परका' म्हटलं की मला सासर आठवतं. सासरी चाळीस वर्षं काढली तरी बाई परक्याचीच. वारकरी पंढरीला माहेर म्हणतात ते त्याच हुरहुरीतून. सूफींकडं मात्र दिशा उलटी. उरूसचा मूळ अर्थ लग्न. संत गेला तो दिवस त्याच्या मीलनाचा, म्हणून संदल (चंदनाचा लेप), गलेफ (कबरीवरची चादर), सगळा थाट. आपला जीव माहेरी परततो, त्यांचा सासरी निघतो. मी लहानपणी उरूस म्हणजे पाळणे आणि रेवड्या एवढंच समजत होते. हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ गप्प बसले होते.

वेरूळवाट
सुंदर. पण मग पुस्तिकेत 'पुण्यतिथी' लिहू नका, गोदाकाठ. उरूसच लिहा.

हुरडा
आणि गावाचं नाव? जुनी माणसं खुलताबादला जाताना अजून "रोज्याला चाललो" म्हणतात.

मुळाक्षर
रौजा. बाग, आणि त्यावरून समाधीचं ठिकाण. रोजा म्हणजे उपवास. लिहिताना तरी फरक पाळा.

हुरडा
माझ्या आजोळचे लोक चुकीचं बोलतात असं मी लिहिणार नाही. एक शंका : 'गोरगरीब' मधला गोर म्हणजे फारसीतली कबर असेल का? कबरीपाशी बसणारे गरीब? माझा आपला अंदाज.

वेरूळवाट
मला तो कागदबिगद सारखा जोडशब्द वाटतो.

मुळाक्षर
अशी जोड मूळ शब्दानंतर येते, आधी नाही.

वेरूळवाट
'अदलाबदल' मध्ये कोण कुठं आहे ते सांगा मग.

गोदाकाठ
मंडळी, मजकूर सोमवारी छापायला जातोय. 'दरिद्री' काढायला लावलंय, त्या जागी अजून काही सुचलेलं नाही. सध्या 'घर मागे ठेवून आलेले' असं लिहिलंय. लांब होतंय का?

ओवी
लांब नाही. 'आलेले' ऐवजी 'निघालेले' करून बघा.

हुरडा
तापीकाठचं बऱ्हाणपूर यांच्याच नावावरून ना? मग तिथं बऱ्हाण आणि इथं बुऱ्हान, असं का?