स्वतःच्या स्वतः कोडिंग शिकताना काय कामी आलं? अनुभव लिहा

मोफत कोर्सच्या याद्या ढिगाने मिळतात. त्यातलं कोणी खरंच काय पूर्ण केलं, घोडं कुठे अडलं आणि कशाने पुढे सरकलं, हे मात्र त्या याद्यांत नसतं. ते इथे लिहावं ही विनंती. भाषा कुठलीही चालेल, वय कुठलंही चालेल.

माझ्यापासून सुरू करते. मी हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा संगणकशास्त्राचा प्राथमिक कोर्स निवडला. डेव्हिड मेलन शिकवतात; व्याख्यानं, टिपणं, गृहपाठ सगळं मोफत. सुरुवात स्क्रॅचने, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून, आणि पुढच्याच आठवड्यात थेट सी ही भाषा. त्यात मारिओ नावाचा गृहपाठ आहे. आकडा विचारायचा आणि तेवढ्या उंचीचा, उजवीकडे टेकलेला हॅशचा (#) जिना छापायचा. उंची 4 असेल तर पहिल्या ओळीत तीन मोकळ्या जागा आणि एक हॅश, दुसरीत दोन जागा, दोन हॅश. व्याख्यानात लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणं, अगदी स्वच्छ कळला होता, तरी हात चालेना. मग कागदावर तीन रकाने आखले: ओळ, जागा, हॅश. चार ओळी भरल्यावर दिसलं, की जागा म्हणजे उंची वजा ओळीचा क्रमांक. तिथून कोड सरळ उतरला. म्हणून या कोर्सची शिफारस मी व्याख्यानांपेक्षा गृहपाठांसाठी करेन. व्याख्यानं सुंदर आहेत, पण नुसती बघून कोडिंग येत नाही.

रात्रपाळी
गृहपाठांबद्दल सहमत. पण सीएस५०ला सलग वेळ लागतो, एकेक व्याख्यान साधारण दोन तासांचं. माझ्याकडे कामाच्या मधले सुटे अर्धे तास होते, त्यात फ्रीकोडकॅम्प बसलं, म्हणजे ब्राउझरमध्येच वेब पानं बनवायला शिकवणारी साइट. 2014 पासून चालू आहे, ना-नफा संस्था आहे, अभ्यासक्रमाला पैसे नाहीत. एकीकडे सूचना, शेजारी एडिटर, बरोबर आलं की पुढची पायरी. पायऱ्या भराभर होतात आणि धोका तिथेच आहे, कारण सूचनेत सांगितलेलं टाइप केलं की पुढे जाता येतं. खरा कस सर्व्हे फॉर्मच्या प्रोजेक्टला लागतो. तिथे फॉर्ममध्ये काय काय हवं एवढंच सांगतात, कसं करायचं ते नाही. लेबलचा (चौकटीशेजारच्या नावाचा) 'फॉर' आणि इनपुटचा (चौकटीचा) 'आयडी' एकच ठेवला की लेबलवर क्लिक केल्यावर कर्सर त्या चौकटीत जातो, हे मला तिथे कायमचं कळलं. पायऱ्या करताना तेच दोन शब्द आधी टाइप करून झाले होते.

निवृत्त मास्तर
माझी भाषा पायथॉन. एका साधनाचं नाव कोणी घेत नाही म्हणून आवर्जून सांगतो: पायथॉन ट्यूटर. फिलिप ग्वो यांनी बनवलेलं. त्यात कोड चिकटवायचा आणि एकेक ओळ पुढे न्यायची. त्या क्षणी मेमरीत काय आहे त्याचं चित्र समोर येतं.

मी 'अ' नावाची लिस्ट, म्हणजे यादी, केली, तिच्यात 1, 2, 3. मग लिहिलं की ब बरोबर अ. ब मध्ये 4 घातला आणि अ छापली, तर तिच्यातही 4! वाचून वाचून याचा उलगडा होईना. चित्रात बघितलं तर दोन नावं, दोन बाण, आणि दोन्ही बाण एकाच चौकटीकडे. लिस्ट एकच होती, नावं दोन होती. खरी नक्कल हवी तर कॉपी मागावी लागते. मी उभी हयात फळ्यावर शिकवलं आहे. एवढं नेमकं चित्र मला फळ्यावर काढता आलं नसतं.

वेलांटी
सर, आत्ताच चालवून पाहिलं. फारच छान आहे!

माझा अनुभव जावास्क्रिप्टचा, आणि गुरू म्हणाल तर एमडीएन, म्हणजे वेबच्या भाषांची माहिती देणारी संदर्भ साइट. कोर्स म्हणून नव्हे, शेजारी उघडं ठेवलेलं पान म्हणून. बटणावर क्लिक लावायचा होता आणि कन्सोल (ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी) सांगत होता, नलवर, म्हणजे 'काहीच नाही' यावर, हे करता येत नाही. बटण तर डोळ्यांसमोर होतं. मी स्क्रिप्ट टॅगचं पान शांतपणे वाचलं. स्क्रिप्ट हेडमध्ये, म्हणजे पानाच्या सुरुवातीच्या भागात होती, म्हणजे ब्राउझर बटणापर्यंत पोचायच्या आधीच ती चालत होती. टॅगमध्ये 'डिफर' (पान वाचून झाल्यावर चालव) लिहिलं, काम झालं. तेव्हापासून एररची ओळ पूर्ण वाचल्याशिवाय मी कोडला हात लावत नाही.

हिशेबनीस
मला प्रोग्रामर व्हायचं नव्हतं, एक्सेलच्या पुढे जायचं होतं. डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, एसक्यूएल, शिकवणारी एसक्यूएलबोल्ट ही साइट पुरली. ब्राउझरमध्येच टेबल, खाली क्वेरी लिहायची जागा. कुठल्या ग्राहकाची एकही ऑर्डर नाही, हे लेफ्ट जॉइन लावून (ग्राहकांच्या टेबलाला ऑर्डरचं टेबल जोडून, ऑर्डर नसलेले ग्राहकही ठेवून) आणि नल, म्हणजे रिकामी जागा, तपासून काढता येतं, एवढं कळल्यावर माझी निम्मी कामं हलकी झाली.

मुक्कामपोस्ट
ओडिन प्रोजेक्ट, वेब डेव्हलपमेंटचा मोफत अभ्यासक्रम. चिवट लोकांसाठी. सुरुवातीलाच लिनक्स किंवा मॅक, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी), गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) हे सगळं आपल्या मशीनवर बसवायला लावतात, त्यामुळे अनेक जण पहिल्याच आठवड्यात गळतात. पण जो टिकतो त्याला साइटबाहेर काम करता येतं. एक सुचवतो: प्रोजेक्ट करताना दुसऱ्यांची उत्तरं शेवटपर्यंत उघडू नका.

रात्रपाळी
एआयचं काय? मला तर हल्ली सगळे तेच विचारा म्हणतात.

*(मी, धागा सुरू करणारी)* मी वापरते, पण कोड मागत नाही. माझा कोड देते आणि विचारते, "कुठल्या ओळीपासून बिघडतंय तेवढं सांग, दुरुस्त करू नकोस." तयार कोड मिळाला तर दुसऱ्या दिवशी रिकाम्या फाइलमध्ये तो लिहिता येत नाही. माणसाचा सल्ला हवा असेल तर एक्झरसिझम या कोडिंगच्या सरावाच्या साइटवर उत्तर पाठवा, तिथे स्वयंसेवक मार्गदर्शक मोफत बघून देतात.

नवी पाटी
थोडं पायथॉन येतं. सरावाला प्रश्न कुठून घेऊ?

निवृत्त मास्तर
प्रोजेक्ट ऑयलर या गणिती कोड्यांच्या साइटचा पहिला प्रश्न घ्या. 1000 पेक्षा लहान, 3 किंवा 5 ने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज. 15 दोन्हींच्या पाढ्यात येतो, तो दोनदा धरू नका. आधी 1000 ऐवजी 10 घालून चालवा: 3, 5, 6, 9, बेरीज 23 यायला हवी. ती आली की मग 1000 घाला, आणि अडलात तर तुमचा कोड इथेच टाका, मी बघतो.