विहीणबाईंचे आजोबा: बर्मिंगहॅम ते हॅमिल्टन, मधले कागद जुळेनात

तलाठीआप्पा, अंबड

नमस्कार मंडळी. ३४ वर्षं तलाठी म्हणून दप्तर सांभाळलं, आता अंबडला घरीच असतो. मुलगा कॅनडात हॅमिल्टनला, सूनबाई तिथलीच. मागच्या दिवाळीला विहीणबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या (मुलगा मधे दुभाष्या), तुम्ही जन्मभर जुने कागद चाळलेत तर माझ्या आजोबांचा माग काढून द्या. आजोबा इंग्लंडहून आले, परत गेले, पुन्हा आले, एवढंच त्यांच्या घरात माहीत. मी आपला हो म्हणून बसलो. तेव्हापासून रात्री अकरा-बारापर्यंत लॅपटॉपपुढं बसायलो आणि घरातून बोलणी खायलो.

आडनाव देत नाही, त्यांना विचारलेलं नाही. आपल्याकडं जाधव जेवढे तेवढे तिकडं ते, असं समजा.

सापडलं ते असं. १८९१ ची इंग्लंडची शिरगणती, बर्मिंगहॅम: पोरगं ३ वर्षांचं, बाप पितळ ओतणारा. १९०१ ला पोरगं १३ वर्षांचं, गल्ली तीच. १९११ ला घरात नाही. पण तो १९११ चा कागद बघण्यासारखा आहे. त्याआधीच्या शिरगणत्यांच्या नुसत्या गणकानं उतरवलेल्या वह्या उरल्यात. १९११ चा मात्र घरमालकानं स्वतःच्या हातानं भरलेला फॉर्म मिळतो. लग्नाला २५ वर्षं, लेकरं ९ झाली, ६ हयात, ३ वारली, असं म्हाताऱ्यानं लिहिलंय. खाली लेकरांची नावं, त्यात आपल्या गड्याचंही नाव, आणि पुढं 'कॅनडा'. गणकानं त्यावर लाल रेघ ओढलीय, कारण २ एप्रिलच्या रात्री जो घरात असेल तोच धरायचा असा नियम. नियमानं बरोबरच केलं त्यानं. मीही अशा कैक रेघा ओढल्यात. पण बापाच्या हिशेबात पोरगं घरातच होतं. त्या रेघेपाशी मी बराच वेळ बसलो.

पुढं १ जून १९११ ची कॅनडाची शिरगणती: हॅमिल्टनला एकाच्या घरी भाड्यानं राहणारा, देशात आल्याचं साल १९०७. १९१५ ला कॅनडाच्या फौजेत भरती. १९२१ ला पुन्हा हॅमिल्टन, सोबत बायको आणि ३ वर्षांची मुलगी. दोघी इंग्लंडात जन्मलेल्या, आल्याचं साल १९१९.

आता घोडं अडलंय ते सांगतो. १९०७ च्या जहाजांच्या याद्यांत या नावाचे दोघं सापडले. एक मार्चमध्ये सेंट जॉन बंदरात उतरलेला, वय २०, ओतकाम करणारा. दुसरा मे महिन्यात क्वेबेकला, वय १९, मजूर. आपला कुठला? भरतीच्या कागदावर जन्मसाल १८८९ आहे, शिरगणतीप्रमाणं १८८८ येतं. लग्न बर्मिंगहॅमच्या नोंदीत कुठंच नाही. नागरिकत्वाची फाईल तर मुळीच सापडेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे विहीणबाईंचे वडील. जन्म डिसेंबर १९२३. एका कागदावर जन्मठिकाण हॅमिल्टन, १९३१ च्या शिरगणतीत इंग्लंड. बाप तर हॅमिल्टनला कारखान्यात! वारस नोंदीत असा घोळ असता तर फेरफार सर्कलसाहेबांपुढं नेलाच नसता मी.

जाणकारांनी हात द्यावा. पैसे भरायची एक साइट घेतली होती, तिनं मुदत संपल्यावर न विचारता पुन्हा पैसे कापले, त्यामुळं शक्यतो फुकटातलं सांगा.

परभणीचा_पाहुणा

आप्पा रामराम. मी इथं पणजोबांच्या कुणबी नोंदीसाठी दोन वर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवायलो, आन् तुम्ही पार बर्मिंगहॅमला पोचलात.

एका वर्षाचा फरक मनाला लावून घेऊ नका. माझा, माझ्या दोन्ही भावांचा आणि शेजारच्या किसनाचा वाढदिवस १ जून. गुरुजींनी नाव घालताना ठोकून दिला. कॅनडाची शिरगणती पण १ जूनची म्हणता? गुरुजी तिकडूनच शिकून आले असतील.

लातूरची, सध्या लीड्स

काका, नागरिकत्वाची फाईल शोधणं आधी थांबवा. ती कधी तयारच झाली नसणार. १ जानेवारी १९४७ ला कॅनडाचा स्वतःचा नागरिकत्व कायदा लागू झाला. तोपर्यंत इंग्लंडात जन्मलेला माणूस आणि कॅनडातला माणूस, दोघंही ब्रिटिश प्रजाजनच. परभणीहून हैदराबादेत नोकरीला गेलेल्या माणसानं १९४० मध्ये कुठला अर्ज केला होता का? तसंच. त्या फाइली जर्मन, इटालियन, रशियन अशा परक्या लोकांच्या असतात.

आता खरा खजिना. तो कॅनडाच्या फौजेत होता हे तुमचं नशीब. ब्रिटिश फौजेत असता तर पहिल्या महायुद्धातल्या शिपायांचे निम्म्याहून जास्त कागद सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळालेत. कॅनडाच्या शिपायांच्या ६ लाखांवर फाइली मात्र शाबूत आहेत आणि ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं सगळ्या स्कॅन करून फुकट ठेवल्यात. तुम्ही भरतीचं पहिलं पान बघून थांबलात असं वाटतंय. पूर्ण फाईल उतरवून घ्या. पगाराचं कार्ड बघा. शिपायाला रोजचा १ डॉलर आणि वर १० सेंट भत्ता मिळायचा, आणि त्यातला ठरावीक हिस्सा तो घरी लावून द्यायचा. कुणाला लावला, कुठल्या पत्त्यावर, कधी बदलला, हे त्या कार्डावर असतं. लग्न झालं की आईचं नाव जाऊन बायकोचं येतं.

नंतर लग्नाची सूची. १९१२ पासून इंग्लंडच्या सूचीत नवऱ्याच्या नावापुढं बायकोचं माहेरचं आडनाव छापलेलं असतं. फ्रीबीएमडी या साइटवर ती सूची बघायला पैसे लागत नाहीत.

सर, जालना

घरचे 'एकटाच आला' म्हणत असतील तर 'होम चिल्ड्रन'पैकी आहे का बघा. १८६९ पासून १९३० च्या दशकापर्यंत अनाथ आणि गरीब घरची १ लाखाहून जास्त मुलं इंग्लंडातल्या संस्थांनी कॅनडात शेतावर कामाला धाडली. कित्येकांचे आईबाप जिवंत होते. त्यांची वेगळी यादी आहे.

तलाठीआप्पा, अंबड

सर, तो नाही त्यातला. १९०१ ला आईबापाजवळ होता, गेला तेव्हा १९-२० वर्षांचा बाप्या. पण ती यादी मी चाळली, आणि ८-९ वर्षांच्या पोरींची नावं बघून त्या रात्री पुढं काही केलं नाही.

लातूरच्या ताईंचं ऐकून फाईल उतरवली. ४७ पानं निघाली. मी बावळट एकाच पानावर खूश होतो. पगाराच्या कार्डावर आधी आईचं नाव, बर्मिंगहॅमचा पत्ता, महिना १५ डॉलर. त्यावर काट मारून १९१७ मध्ये बायकोचं नाव आणि पत्ता फोकस्टनचा. फोकस्टन कुठं म्हणून नकाशात बघितलं तर पार दक्षिणेला केंटमध्ये, समुद्रावर. बर्मिंगहॅमचा तिथं काय संबंध?

आणि अंगावरच्या खुणा: डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण.

लातूरची, सध्या लीड्स

संबंध आहे! फोकस्टनला लागूनच शॉर्नक्लिफची छावणी, कॅनडाच्या पलटणींचं मोठं तळ. फ्रान्सला जाण्याआधी पोरं तिथं कवायत करायची, आणि गावातल्या पोरी तिथंच. फोकस्टन नोंदणीसाठी 'एलम' जिल्ह्यात येतं, तुम्ही फोकस्टन नावानं शोधाल तर काही मिळणार नाही. एलम, १९१७, असं टाका. दाखला मागवलात तर दोघांच्या बापांची नावं आणि धंदे मिळतील. आयांची नावं मात्र नाहीत, ती इंग्लंडच्या लग्नदाखल्यावर २०२१ पासून यायला लागली. बोला आता.

१९१९ चं कोडंही सुटलं. लढाई संपल्यावर शिपायांच्या बायकामुलांना कॅनडात न्यायचा प्रवासखर्च तिथल्या सरकारनं उचलला होता.

मोडीवाचक, बीड

तलाठीसाहेब, दोन गोष्टी.

इंग्लंडच्या जन्माच्या सूचीत जन्मतारीख नसते, नोंद कुठल्या तिमाहीत झाली ते असतं. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुभा. डिसेंबरमध्ये जन्मलेलं लेकरू पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत जाऊन बसतं. तुम्ही १९२३ मध्ये शोधून परत आला असाल. आपल्याकडं निजामी दप्तरातल्या फसली सालात ५९० मिळवून इसवी साल काढताना एक वर्ष इकडं-तिकडं होतं, तसाच प्रकार.

दुसरी गोष्ट १९०७ च्या त्या एकाच नावाच्या दोघांची. आपला कुठला हे शोधत बसू नका. जो आपला नाही असं वाटतं त्याच्या मागं लागा आणि तो कुठं गेला ते बघा. तो मार्गी लागला की उरला तो तुमचा. मुंतखबातले (इनामाच्या जुन्या कागदातले) सारख्या नावाचे इनामदार मी असेच वेगळे काढतो.

तलाठीआप्पा, अंबड

बीडकर, मानलं.

मजुराच्या मागं गेलो. मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांची १९१६ ची वेगळी शिरगणती आहे, त्यात गडी सस्कॅचेवानात शेत कसताना सापडला. सरकारी जमीन, १० डॉलर फी भरून १६० एकर. १६० एकर! आमच्याकडं सिलिंगला ५४ एकर कोरडवाहूच्या वर गेला की माणूस मेलेल्या काकाच्या नावावर तुकडे पाडायचा. असो. १९१६ ला हा शेतावर आणि आपला फौजेत. म्हणजे मार्चमध्ये उतरला तो आपला. त्यानंही एक शंका फिटली. सेंट जॉन का, हे मला कळत नव्हतं. हिवाळ्यात सेंट लॉरेन्स नदी गोठते, क्वेबेकला जहाज जातच नाही, म्हणून उतारू सेंट जॉन नाहीतर हॅलिफॅक्सला उतरवायचे.

लग्नही सापडलं. एलम, १९१७. दाखला मागवला (हे पैसे मात्र दिले). नवऱ्याचा बाप: पितळ ओतणारा. आता मी छातीठोक सांगतो की माणूस तोच. नाव जुळलं म्हणून मी कधी सात-बाऱ्याला हात लावला नाही, चतुःसीमा बघितली. पूर्वेला बाप पितळ ओतणारा, पश्चिमेला आईचा बर्मिंगहॅमचा पत्ता, दक्षिणेला बायको फोकस्टनची, उत्तरेला मनगटावरचा तो भाजल्याचा व्रण. ओतशाळेत पोरवयापासून असलेल्या माणसाला दुसरं काय भाजणार? चारी बाजू बसल्या. जन्मसाल गेलं १ जूनला.

राहिलं विहीणबाईंच्या वडिलांचं. मार्च १९२४ ची तिमाही आज बघतो. पण कुठल्या जिल्ह्यात, हे कळेना. बर्मिंगहॅमला बघू?

लातूरची, सध्या लीड्स

काका, असं कसं? डिसेंबरचं बाळंतपण, नवरा कामावर, पदरात ५ वर्षांची पोरगी. बाई कुठं जाईल? सासरी बर्मिंगहॅमला?

तलाठीआप्पा, अंबड

अहो ताई, हेच आमच्या घरात कालपासून चाललंय. मंडळींना इंग्रजी येत नाही, पण मी मोठ्यानं वाचत होतो ते ऐकून म्हणाली, "बाळंतपणाला माहेरी गेली असंल, त्यात काय कागद बघायचेत?" मी म्हटलं, अगं समुद्र आहे मधे, आठवडाभराचा प्रवास. तर म्हणाली, "मग पाचव्या-सहाव्या महिन्यात निघाली असंल."

इंग्लंडात उतरलेल्या उतारूंच्या याद्या उघडल्या. सप्टेंबर १९२३. बाई, वय २९, सोबत मुलगी ५. नवरा नाही. कायमचं राहणं कॅनडा. इंग्लंडातला पत्ता: १९१७ च्या पगाराच्या कार्डावरचाच, घर नंबरासकट. एलम, मार्च तिमाही १९२४, आईचं माहेरचं आडनाव जुळतंय. म्हणजे ना हॅमिल्टन, ना बर्मिंगहॅम. मे १९२४ ला परतीच्या यादीत बाई, मुलगी आणि तिसऱ्या ओळीत ५ महिन्यांचं बाळ.

हा शोध मी नाही लावला, हे विहीणबाईंना सांगावं लागणार. हिनं आधीच पोराला फोन लावून सांगितलंय.

परभणीचा_पाहुणा

वहिनींना नमस्कार सांगा. आन् त्यांनाच विचारा, माझे पणजोबा कुठं गेले ते.

तलाठीआप्पा, अंबड

थट्टा बाजूला. तुमच्याकडं खासरा पत्रकाची नक्कल असेल, १९५४-५५ ची. तिचा फोटो पाठवा, कडा कापू नका. आणि त्याआधीचा उर्दूतला कागद असला तर तोही, फसली साल दिसेल असा. उर्दू बीडकर वाचतील. आणि पणजोबांच्या शेताला शेजारी कोण कोण होते, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून ठेवा.